वहिनींचे चार, ताईंचे नऊ

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी बंगळुरूला नोकरी करते. माहेर तासगाव तालुक्यातलं, दादाची द्राक्षबाग आहे. मार्चमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं बरंचसं परत आलंय, पण उजव्या अंगात अजून जोर नाही. उठवणं-बसवणं, अंघोळ, रात्रीचं सगळं दुसऱ्यानं करायला लागतं. आजवर वहिनीनं रजा काढून रेटलं. ती पतसंस्थेत क्लार्क आहे, रजा आता संपत आली.

पुढं काय, यावर तीन पर्याय निघाले. वहिनीनं नोकरी सोडून आईचं बघायचं. किंवा दिवसरात्र बाई ठेवायची आणि खर्च आम्ही तिघा भावंडांनी वाटून घ्यायचा. किंवा आईनं चार-चार महिने तिघांकडं राहायचं. माझं एम. ए. तत्त्वज्ञानातलं, उपयुक्ततावाद आवडीचा. ज्यात सगळ्यांचं मिळून सुख जास्त आणि दुःख कमी, तो निर्णय योग्य, हे मला मनापासून पटतं. म्हणून मीच सुचवलं, की पाचही जणांनी प्रत्येक पर्यायापुढं आपल्याला होणारा त्रास ० ते १० मध्ये लिहायचा. पहिल्या पर्यायाला दादानं १ लिहिला, वहिनीनं ४, आईनं २, थोरल्या ताईनं आणि मी ०. बेरीज ७. दुसऱ्याला दादा ६ (‘घरात परकं माणूस नको’), वहिनी १, आई ३, ताई ५, मी ४. बेरीज १९. तिसऱ्याला दादा ४, वहिनी २, आई ४, ताई ९ (तिचा ठाण्याला वन बीएचके आहे), मी ८. बेरीज २७. म्हणजे वहिनीनं नोकरी सोडायची. ती ‘चालेल की’ म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तेव्हापासून मन खातंय. एक मित्र म्हणतो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशी ताडून बघताच येत नाही, त्यामुळं हा हिशेबच खुळा. पण मग ठरवायचं तरी कशावर?

उत्तर : नमस्कार. तुमची बेरीज मी पुन्हा करून पाहिली, ती बरोबर आहे. मग मी आणखी एक गोष्ट केली. समजा, तुमच्या वहिनी हात आखडून आकडे लिहितात, म्हणजे त्यांचा एक हा बाकीच्यांच्या एकापेक्षा मोठा आहे. म्हणून फक्त त्यांचे आकडे दुप्पट केले. पहिलाच पर्याय पुढे. तिप्पट केले, चौपट केले, तरी तोच. पाचपट केल्यावर पहिला आणि दुसरा पर्याय २३ वर बरोबरीत येतात, आणि सहापट केले की बाई ठेवणं सरस ठरतं. आता मला सांगा, वहिनींचा एक म्हणजे ताईंचे दोन की ताईंचे सहा, हे कोण सांगणार? ताई सांगू शकत नाहीत. वहिनीही नाहीत, कारण ताईंच्या डोक्यात शिरून ताईंचा एक केवढा असतो ते त्यांनी पाहिलेलं नाही. एका बाईच्या नोकरीचा फैसला अशा गुणोत्तरावर लटकतोय, जे तुमच्यापैकी कुणालाच दिसत नाही. तुमचं मन खातंय ते याचमुळे असावं, आणि ते योग्यच आहे.

उपयुक्ततावादात ही अडचण आजची नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये सुखदुःख तोलायच्या सात बाजू सांगितल्या होत्या : ते किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती लवकर येणारं, त्यातून पुढे आणखी तसंच काही उगवतं का, त्यात उलट्या भावनेची भेसळ आहे का, आणि ते किती जणांपर्यंत पोचतं. तुम्ही उपयुक्ततावादाचं नाव घेऊन कागद वाटलात, पण विचारलीत ती फक्त पहिली बाजू. ताईंचे नऊ हे वर्षातल्या चार महिन्यांचे आहेत. वहिनींचे चार हे रोजचे आहेत, आणि किती वर्षांचे ते आज डॉक्टरही सांगणार नाहीत. शिवाय नोकरी सुटली की नुसता पगार थांबत नाही. भविष्य निर्वाह निधी थांबतो, नोकरीची सलग वर्षं तुटतात, सकाळी आवरून घराबाहेर पडणं संपतं, आणि चार वर्षांनी परत जावं म्हटलं तर ती खुर्ची तिथे नसते. दुःखातून आणखी दुःख उगवण्याची जी बाजू बेंथम यांनी सांगितली, ती हीच. म्हणजे त्यांच्याच कसोटीवर तुमचा कागद अपुरा आहे.

पण सातही बाजू विचारल्या असत्या तरी मूळ गाठ सुटली नसती, कारण बेंथम यांनी मोजायचं काय ते सांगितलं, मोजायचं एकक दिलं नाही. ते एकक शोधायचा प्रयत्न पुढच्यांनी केला आणि त्यातून काय निघालं ते तुम्ही नीट पाहावं असं मला वाटतं. १८८१ मध्ये फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञांनी एका पुस्तकात माणसाचं सुख क्षणाक्षणाला नोंदवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. त्याच पुस्तकात ते म्हणतात, की सुख भोगायची कुवत सगळ्यांची सारखी नसते. वरच्या थरातल्यांची जास्त, बायकांपेक्षा पुरुषांची जास्त. यंत्र तर नव्हतंच. मग हे त्यांना कळलं कशावरून? त्यांच्या काळच्या समाजात कुणाला किती मिळत होतं, तेच त्यांनी कुवतीच्या नावावर मांडलं.

याहून बोलकी गोष्ट लायनेल रॉबिन्स या अर्थशास्त्रज्ञाची. १९३८ च्या एका लेखात ते सांगतात, की आपल्या मनातली शंका पक्की झाली ती भारतातला एक किस्सा वाचून. एक सरकारी अधिकारी एका उच्चवर्णीय ब्राह्मणाला बेंथम समजावून सांगत होता, की प्रत्येकाचं सुख सारखंच मोजायचं. ब्राह्मण म्हणाला, हे बरोबर असूच शकत नाही. त्या तिकडच्या अस्पृश्यापेक्षा मी दहापट सुख भोगू शकतो. रॉबिन्स यांना त्या ब्राह्मणाचं म्हणणं मुळीच आवडलं नव्हतं. पण त्यांच्या लक्षात आलं, की त्याला खोटं पाडायला आपल्याकडे कुठलंही शास्त्रीय माप नाही. माणसं सारखी धरावीत हे आपल्याला पटतं, त्याला पटत नाही, आणि हा वाद प्रयोगशाळेत मिटणारा नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की ‘सगळ्यांचं सुख सारखं मोजा’ हा शोध नाही, ती नैतिक भूमिका आहे. ती बाहेरून आणावी लागते.

हे रॉबिन्स १९२० ते १९२३ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत होते. त्याच वर्षांत, त्याच संस्थेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचं काम करत होते. दोघांची गाठ पडली की नाही, हा माझा मुद्दा नाही. त्या किश्श्यात ज्याला बोट दाखवून बाजूला ठेवलं गेलं, त्याच्या बाजूचं उत्तर कुणी दिलं ते मला सांगायचंय. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले, की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीनं भरलेल्या जीवनात पाऊल टाकणार आहोत : राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचं मूल्य एक, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच. समता इथे कुणी मोजून सिद्ध करत बसलं नाही. ती ठरवली. आणि ठरवताना हेही बजावलं, की कागदावर एक मत दिल्यानं घराघरातली उतरंड मोडत नाही.

तुमच्या बैठकीत नेमकं हेच झालं. कागदावर वहिनींना इतरांइतकीच एक ओळ होती. पण ती ओळ त्यांनी नवऱ्यासमोर, सासूसमोर, दोन नणंदांच्या देखत भरली. ‘८’ लिहिलं असतं तर पुढची दहा वर्षं तो आठ त्यांना ऐकवला गेला असता. ताईंना नऊ लिहिताना अशी भीती नव्हती. त्या माहेरी बसून लिहीत होत्या. ‘बोलणाऱ्याची बोरं विकली जातात’ असं आपल्याकडे म्हणतात. तुमच्या बेरजेत ती विकली गेली.

आणि भीती हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं मला जास्त गंभीर वाटतं. १९४३ च्या दुष्काळात बंगाल होरपळला, त्याच्या पुढच्या वर्षी कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थनं लोकांना त्यांच्या तब्येतीविषयी विचारलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आपण आजारी आहोत किंवा तब्येत जेमतेम आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या फक्त २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमध्ये विधवेच्या ताटात काय पडायचं ते आठवलं, की या आकड्यांनी पोटात गोळा येतो. अमर्त्य सेन यांनी हे आकडे वारंवार मांडले आहेत. त्या बायका खोटं बोलत होत्या, असं ते म्हणत नाहीत. ज्याला आयुष्यभर कमी मिळालंय त्याची अपेक्षाच लहान होते, आणि लहान अपेक्षेला थोडक्यात बरं वाटतं. आता जर सरकारनं औषधं याच आकड्यांवर वाटली असती, तर ती विधुरांच्या घरी गेली असती.

म्हणून वहिनींचे चार मला चार वाटत नाहीत. ते किती आहेत हे मला माहीत नाही. पण ते ज्या हातानं लिहिले गेले, त्या हाताला ‘आपलं काय, चालतंय’ हे वळण लहानपणीच लावलेलं असतं, एवढं मी कुठल्याही घराबद्दल सांगू शकते.

आता तुमच्या मित्राकडे वळते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं. पण म्हणून तुलनाच नको, असं म्हटलं तर पुढे काय होतं ते त्याला विचारा. रॉबिन्स यांच्यानंतर अर्थशास्त्रातल्या बऱ्याच जणांनी हाच पवित्रा घेतला. एकाचं नुकसान आणि दुसऱ्याचा फायदा ताडता येत नसेल, तर बदल चांगला म्हणायचा तो फक्त एकाही माणसाचं नुकसान न होता कुणाचं तरी भलं झालं तरच. ऐकायला हे किती सभ्य वाटतं! पण आज आईचं करतंय कोण? वहिनी. त्यांचं ओझं हलकं करायचं तर कुणाला तरी थोडं उचलावं लागणार, म्हणजे कुणाचं तरी नुकसान होणार. म्हणजे बदल नको. ‘तुलना करता येत नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी आहे त्या व्यवस्थेच्या बाजूनं पडतं, आणि आहे त्या व्यवस्थेत जो वाकलेला आहे तो वाकलेलाच राहतो. मला तुमची बेरीज मित्राच्या हात झटकण्यापेक्षा बरी वाटते. तुम्ही निदान पाचही जणांना मोजायला बसलात.

सेन यांनी १९७० मध्ये या दोन टोकांमधली वाट दाखवली. रोम जळाल्यानं नीरोला जो आनंद झाला असेल तो बाकी रोमकरांच्या दुःखापेक्षा कमी होता, एवढं म्हणायला दशांश चिन्हापर्यंतचं माप लागत नाही. काही तुलना ढोबळ असूनही ठाम असतात. जिथे गुणोत्तर थोडं इकडे-तिकडे केलं तरी निकाल बदलत नाही, तिथे निर्धास्त बोलावं. जिथे निकाल बदलतो, तिथे मनातल्या आकड्यांचा नाद सोडून बाहेर दिसणाऱ्या गोष्टी पाहाव्यात : कुणाला काय करता येतंय, कुणाला काय बनता येतंय, कुणापुढे किती वाटा उरल्यात.

तुमच्या घरात बाहेर दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. रात्री कोण किती वेळा उठतं. सलग सहा तासांची झोप कुणाला मिळते. आईला उचलून खुर्चीत बसवताना कुणाच्या कमरेवर भार येतो. कुणाच्या नावावरच्या खात्यात महिन्याला काही जमा होतं. रविवारी कोण विचारल्याशिवाय घराबाहेर पडू शकतं. मिनिटं सगळ्यांची सारखीच असतात, ती ताडता येतात. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. तुमच्या घरातला एक आठवडा असाच लिहून काढा. दादांनाही त्यांचे बागेतले तास लिहू द्या, ते कमी नसतील आणि तेही मोजले पाहिजेत.

आणखी एक उघड गोष्ट. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्रीय कायदा जबाबदारी टाकतो ती मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर. सुनेचं नाव त्या व्याख्येत नाही. कायदा घरात आणून भांडा असं मी सांगत नाहीये. पण तुमच्या पहिल्या पर्यायात जिच्यावर कायद्यानं बंधन नाही ती सगळं सोडते, आणि ज्या तिघांवर आहे त्यांचा त्रास मिळून १ भरतो, हे तिघांनी एकत्र बसून एकदा वाचावं.

तिघांचा १. त्यात तुमचं शून्य आहे. त्या शून्याबद्दल मला तुमच्याशी थेट बोलायचंय. ते खरं नाही. खरं असतं तर हे पत्र आलं नसतं. तुम्ही त्रास म्हणजे पैसा, जागा, रजा एवढंच धरलंत आणि एका माणसाचं आयुष्य अरुंद करून आपण मोकळे झालो याची बोच मोजलीच नाहीत. म्हणून पहिलं काम वहिनींकडे नाही, तुमच्याकडे आहे. पुढच्या वेळी घरी गेलात की सगळ्यांसमोर सांगा, ‘मी शून्य लिहिलं होतं, ते चुकलं, मला हा पर्याय झेपत नाही.’ वहिनींनी तोंड उघडण्याआधी हे झालं पाहिजे. एकीनं आकडा बदलला की दुसरीलाही बदलता येतो.

त्यानंतर वहिनींशी एकट्यानं बोला, शक्यतो घराबाहेर. ‘त्रास होईल का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. पुढच्या वर्षी या दिवसांत त्यांचा दिवस कसा असावा असं त्यांना वाटतं, ते विचारा. पतसंस्थेतल्या कामात काय आवडतं, विचारा. कदाचित कुणी हे कधी विचारलेलंच नसेल आणि पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. दुसऱ्यांदा विचारा.

आईंनाही विचारा. त्यांचे २, ३, ४ हे आकडे मला वहिनींच्या आकड्यांइतकेच दबलेले वाटतात. ज्यांच्या अंगाला हात लागणार आहे त्या या सगळ्यात परक्या पाहुण्यासारख्या झाल्यात. सुनेकडून अंघोळ घालून घेणं त्यांना बरं वाटतं, की पगारी बाईकडून घेणं जास्त मोकळं वाटतं? कित्येक म्हाताऱ्या माणसांना पगारी बाईच सोयीची वाटते, कारण तिथे उपकाराचं ओझं नसतं. तुमच्या आईंचं काय, ते त्याच सांगतील.

दादा आणि ताईंसाठी एक प्रयोग सुचवते. जॉन हरसान्यी या अर्थशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विचारावर तो बेतलाय. पाच चिठ्ठ्या करा. उद्या सकाळी आपण या पाचांपैकी कोण म्हणून उठणार ते माहीत नाही, प्रत्येकाची शक्यता सारखी, असं धरून कुठला पर्याय निवडाल? वहिनी म्हणून उठलात तर त्यांची कंबर, त्यांचा पगार आणि त्यांचं सासर तुमचं. यात एक मेख आहे : वहिनी म्हणून उठायचं म्हटल्यावर त्यांचं ‘चालेल की’सुद्धा आपल्या अंगी येतं, आणि मग दादा सहज म्हणतील, तिला तर चालतंच. तेव्हा अट घाला, की चालवून घ्यायची सवय सोडून बाकी सगळं घ्यायचं.

पैशांचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे वाट सोपी आहे. ताईंचे ५ बहुतेक खर्चाचे आहेत. खर्च तीन समान भागांत का वाटताय? डॅनियल बर्नुली या गणितज्ञांनी १७३८ मध्येच दाखवलं, की तोच रुपया ज्याच्याकडे जास्त आहेत त्याला कमी जड असतो. तुमची मिळकत तिघांत जास्त असेल तर तुमचा वाटा मोठा हवा. दादांचं उत्पन्न बागेच्या हंगामावर, त्यांना महिन्याऐवजी माल गेल्यावर द्यायची मुभा हवी. ‘परकं माणूस नको’ या दादांच्या ६ ला मात्र मी फार वजन देणार नाही. तो त्रास खरा असेल, पण सवयीनं उतरणारा आहे. वहिनींचा तसा नाही, तो साठत जाणारा आहे. इथे मी दोन माणसांची तुलना करतेय, हे मला कळतंय. गुणोत्तर थोडं चुकलं तरी निकाल बदलू नये, इतका हा फरक मला मोठा दिसतो.

माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, तीन महिन्यांच्या बोलीवर. दिवसाची बाई आणि रात्रीची बाई वेगळ्या ठेवा. एकाच बाईकडून दिवसरात्र काम करून घेऊ नका, नाहीतर वहिनींच्या मानेवरचं जू नुसतं दुसऱ्या बाईच्या मानेवर जाईल. तिचंही सुख एक म्हणूनच मोजायचंय, आणि ती तर तुमच्या कागदावर नव्हतीच. ऑक्टोबरच्या फळछाटणीत दादांना श्वास घ्यायला वेळ नसेल, तेव्हा तुम्ही आठवडाभर रजा घेऊन जा, ताईंनी पुढचा आठवडा घ्यावा. तीन महिन्यांनी आठवड्याची ती वही पुन्हा उघडा.

आणि नीट, एकांतात, दोनदा विचारूनही वहिनी म्हणाल्या, की मला नोकरीचा कंटाळाच आलाय, मला घरी राहून आईंचं करायला आवडेल, तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा. सिंगूरचे आकडे दाखवून त्यांना त्यांचं मन समजावायला जाऊ नका. फक्त त्या कामाचा मोबदला तिघांनी दरमहा त्यांच्या स्वतःच्या खात्यात टाकायचा, रात्रीची बाई तरीही ठेवायची, आणि पतसंस्थेत आधी बिनपगारी रजा मिळते का ते बघायचं. राजीनामा आत्ता देऊ नका म्हणावं.